दुलारीची पिल्लं, भुरीचं दूध

तेल्हाऱ्यात येऊन तुम्ही जानरावांचं घर विचारलंत, तर लोक आधी 'कोनता जानराव?' असं विचारतील. 'दुलारीवाले' म्हणा, मग शेंबडं पोरगंसुद्धा तुम्हाला आमच्या गल्लीपर्यंत आणून सोडेल. माणसाला चांगली बायको आहे, दोन मुलं पुण्याला नोकरीला लागली आहेत, सारी हयात कापसाच्या जिनिंग कारखान्यात मुकादमी करण्यात गेली. पण नाव लागलं ते कुत्रीचं. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. उलट कोणी नुसतं 'जानरावभाऊ' म्हटलं, की पानात मीठ वाढायचं राहिल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा.

मी त्यांची शेजारीण. दोन्ही घरांत मिळून भिंत एकच, तीही अर्ध्या विटेची, त्यामुळे त्यांच्याकडे भांडं पडलं तरी मला कळतं. मी शाळेत शिकवते म्हणून ते मला मॅडम म्हणतात. मी त्यांना भाऊ म्हणते आणि वेळ आली की खडसावतेही. आमच्या गल्लीत त्यांना खडसावणाऱ्या दोघीच, एक मी आणि एक त्यांची बायको, आशावहिनी.

दुलारी काळीभोर लॅब्राडोर होती. परतवाड्याच्या एका दोस्तानं ती पिल्लू असताना भाऊंच्या ओटीत टाकली आणि त्या दिवसापासून हा माणूस कामातून गेला. दर रविवारी रिठ्याच्या पाण्यानं तिची आंघोळ, वहिनींच्या जुन्या सुती लुगड्यानं अंग पुसणं, मग उन्हात बसवून कंगवा. उन्हाळ्यात आमच्याकडे डोकं फुटेल असं ऊन असतं. त्यांच्या घरात कूलर एकच, आणि तो दुलारीच्या खोलीत. पाहुणे आले तर तेही कुत्रीच्या खोलीत बसायचे.

अकोल्याच्या डॉग शोमध्ये ती पहिली आली तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले होते. भाऊंनी थोरल्या मुलाच्या लग्नातला सफारी घातला होता. गोल मैदानात कुत्र्याला घेऊन धावायचं असतं. आधी दुलारी, मग भाऊंचं पोट, मग भाऊ, अशी ती वरात निघाली. पण थांबायची वेळ आली तेव्हा दुलारी अशी काही उभी राहिली की हसणारे गप्प झाले. मान वर, शेपूट सरळ, नजर फक्त भाऊंवर. परीक्षकांनी तिचे दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, इंग्रजीत काहीतरी लांबलचक बोलले. भाऊंना त्यातलं 'गुड' तेवढं कळलं. घरी येताना गाडीत त्यांनी तो शब्द इतक्या वेळा म्हटला की वहिनी म्हणाल्या, "बस करा बाप्पा आता, कुत्री लाजून राहिली."

नंतर अमरावतीला, नागपूरला, जिथं शो तिथं भाऊ. कपाटात ढाली आणि पदकं मावेनात. धाकट्या मुलाचा दहावीचा सत्काराचा फोटो मागे गेला आणि दुलारी पुढे आली. मी टोमणा मारला तर म्हणाले, "मॅडम, तो दहावीत एकदाच पयला आला. हे दरसाल येते."

एवढं कुत्र्यावर प्रेम करणारा माणूस, पण फक्त एकाच कुत्र्यावर. फाटकापाशी त्यांची एक वेताची काठी टेकवलेली असायची, ती गल्लीतल्या गावठी कुत्र्यांसाठी. नाल्यावरच्या रपट्याखाली, म्हणजे बुटक्या पुलाखाली, एक भुरकट कुत्री राहायची. पोरं तिला भुरी म्हणायची. दुलारीच्या ताटलीत उरलेलं कधी तिच्या वाट्याला आलं नाही. वाट्याला आली ती काठी आणि कधीकधी विटेचा तुकडा. "रोग लागते, मॅडम, याहीचा," भाऊ म्हणायचे. भुरी तीन पायांवर पळत रपट्यापर्यंत जायची आणि तिथून टुकुटुकु बघत बसायची.

दुलारी सहा वर्षांची झाली आणि भाऊंना तिच्या पिल्लांचं वेड लागलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की पहिलं बाळंतपण या वयात नको. भाऊंनी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. "चॅम्पियनचा वंश बुडू द्यायचा काय?" असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "भाऊ, वंश कुत्रीला हवा आहे की तुम्हाला?" ते हसले. दुलारीला काय हवं होतं ते विचारायची सोय नव्हती.

कापसाच्या ऐन हंगामात, थंडी पडल्यावर, ती व्याली. सहा पिल्लं झाली. वहिनींनी तिला तूप-गुळाचा शिरा भरवला, पाचव्या दिवशी सटवाई पुजायची म्हणून कडुलिंबाचे डहाळे आणून ठेवले. पण पाचवा दिवस तिनं पाहिला नाही. ताप चढला, डॉक्टर येईपर्यंत अंग ताठ झालं. भाऊंनी तिला स्वतःच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधापाशी पुरलं. 'माय गेली तवा हा मानूस असा नाई रडला,' असं वहिनी मला हळूच म्हणाल्या. चौकात भाऊंनी फ्लेक्स लावला, गळ्यात पदक घातलेली दुलारी आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. शाळेत जाताना तो बघून मला हसू आलं आणि हसले म्हणून पुढचा सगळा रस्ता मन खात राहिलं.

पिल्लांनी बाटली धरली नाही. भाऊ मांडीवर टॉवेल टाकून बसायचे, थेंब थेंब दूध तोंडात सोडायचे, ते दुसऱ्या बाजूनं बाहेर यायचं. त्यातली दोन गेली. उरलेल्या चौघांचा आवाजही बसत चालला, तेव्हा वहिनींनीच सुचवलं की रपट्याखाली भुरी व्यालेली आहे, तिला तीन पिल्लं आहेत, अंगावर दूध आहे.

मग मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. ज्या हातानं विटा मारल्या त्याच हातात कलेजीची थाळी घेऊन भाऊ रपट्यापाशी उकिडवे बसले होते. "ये बाई. ये माय माही," असं तिला म्हणत होते. भुरी पोटावर सरपटत, शेपूट पायात घालून, एकेक वीत पुढे आली. खाताना तिची नजर थाळीवर नव्हती, त्यांच्या हातावर होती. दुपारपर्यंत भाऊंनी तिला तिच्या पिल्लांसकट घरी आणली आणि दुलारीच्या गादीवर निजवली.

भुरीनं परकी पिल्लं हुंगली, चाटली आणि पाजली. त्या मुक्या जनावराकडून काही कमी पडलं नाही. अडचण दुसरीच होती. तिची स्वतःची पिल्लं आधीची, दणकट. ती या मरतुकड्या चौघांना ढकलून द्यायची. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, कुत्रीला भरपूर खायला घाला आणि आळीपाळीनं पाजा, आधी लहान, मग मोठी. धीर धरला तर सातही जगतील. पण भाऊंचा धीर दुलारीबरोबर धुऱ्यावर गेला होता. लहानांतलं एखादं जरा निपचित पडलं की ते भुरीच्या पिल्लांकडे असे बघायचे, की मला नजर वळवावी लागायची.

एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. "मॅडम, भुरीले जरा भायेर गुतवून ठेवा. तिचे तीन शेतात नेऊन ठेवतो. बंडू हाय तिथं, बकरीचं दूध हाय, पोसतीन." बंडू त्यांच्या शेतातला माणूस. मला ते खरं वाटलं. की वाटून घेतलं? मी अंगणात दूध-भाकरी कुस्करून भुरीपुढे ठेवली आणि ती खात असताना तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. मागच्या दारानं भाऊ गोणी घेऊन निघून गेले.

त्या रात्री भिंतीपलीकडून सारखा खुरखुराट येत होता. भुरी खोलीचा कोपरा न् कोपरा उकरत होती. सकाळी ती थकून आडवी झाली आणि चारही पिल्लांनी पहिल्यांदा पोटभर दूध प्यायलं.

मी शाळेला निघाले तर भाऊ फाटकापाशी उभे. रात्रभर जागलेला चेहरा. "मॅडम, मले जिनिंगपर्यंत सोडता काय?" स्कूटीवर मागे बसल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं.

"शेतात नाई नेले. तिथली बकरी तं कवाचीच आटली. कापसाच्या गंजीत ठेवले."

मी ब्रेकच दाबला. "गंजीत? कशासाठी, भाऊ?"

"कापसात गरम रायते ना. थंडीत मरते काय कोनी कापसात? आमच्या टायमाले दरसाल निघत जाय पिल्लं गंजीतून. सकायी बाया टोपले भराले आल्या का बाजूले काढत, न्याहारीतलं दूध देत, कोनी घरी नेत. या सालीबी कोनी नेईन, म्हनलं."

हे खरं होतं. आमच्याकडे हंगामात जिनिंगच्या आवारात कापसाचे डोंगर उभे असतात आणि थंडीत कुत्री-मांजरी त्यातच शिरतात. पूर्वी बायका टोपल्यांनी कापूस उचलायच्या. हाताखाली काही हललं की त्यांना कळायचं. त्या बायकांच्या हातांवर भाऊंनी भरवसा टाकला होता. ज्या आवारात आपण मुकादमी केली, तिथं आपल्यामागे काही बदललं असेल असं त्यांच्या मनातच आलं नाही.

आवारात आम्ही शिरलो तेव्हा एक पिवळा लोडर घरघर करत कापूस ढकलत होता. कोपऱ्यातल्या गंजीच्या जागी सपाट जमीन होती. टोपली घेतलेली एकही बाई नव्हती. भाऊ स्कूटीवरून उतरले आणि तिथंच उभे राहिले.

झाडू मारणाऱ्या गंगूबाईनं त्यांना ओळखलं. भाऊंच्या हाताखाली तिनं बरीच वर्षं टोपली उचलली होती. "कावून वो मुकादम, आज इकडं कसे?"

 मीच विचारलं, कापसात पिल्लं सापडली का म्हणून.

"सापडले न बाई. तीन होते. त्या मशिनीखाली आले, मंग दिसले मले. कुंपनाजवय नेऊन पुरले मी. डोये नुकतेच उघडले होते." तिनं झाडू आपटला. "कोन्या मुडद्यानं टाकले काय माईत! त्याच्या घरी लेकरंबाळं नसतीन काय? मुकादम, तुमी असते तं तंगडे तोडले असते त्याचे. तुमाले तं कुत्र्याचा लय जीव."

भाऊ मान खाली घालून ऐकत राहिले. 'मीच तो' एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. माझ्याही निघाले नाहीत. शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवणारी मी, गंगूबाईला 'हो ना' म्हणाले आणि स्कूटी वळवली.

घरी पोचल्यावर भुरी दाराशी आली. शेपूट हलवली, भाऊंचा हात चाटला. त्यांच्या अंगाला त्या गोणीचा वास असेल, म्हणून असेल, ती हात सोडेचना. भाऊ तसेच नळाखाली गेले आणि खूप वेळ हात धूत बसले. वहिनींनी विचारलं, "झालं काय?" मग त्यांनी सांगितलं. वहिनी ओरडल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी भाऊंना जेवायला वाढलं, पण आपलं ताट घेऊन भुरीच्या खोलीत जाऊन बसल्या.

दुलारीची चारही पिल्लं जगली. जगली म्हणजे अशी की गल्ली डोक्यावर घेतली. लोक बघायला यायचे आणि दुलारीचं नशीब वाखाणायचे. भाऊ सगळं मन लावून करत. जंताचं औषध, लसी, रिठ्याचं पाणी. पण मांडीवर एकही घेत नसत. मला वाटलं होतं त्यातलं एक तरी ठेवतील. एक तर हुबेहूब आईवर गेलेलं, तसंच मान वर करून उभं राहणारं. तेही त्यांनी देऊन टाकलं, अमरावतीच्या मनोजला, जो तिथला शो भरवतो. मी न राहवून विचारलं तेव्हा म्हणाले, "मॅडम, त्याच्या तोंडाकडं पायलं का मले ते तीन दिसते. मंग कशाले ठेवू?"

फाटकापाशी टेकवलेली वेताची काठी भाऊंनी चुलीत घातली. फाटकाची कडी काढून टाकली. भुरी वाटेल तेव्हा यायची, कूलरसमोर पसरायची, वाटेल तेव्हा जायची. लसी द्यायला आलेले डॉक्टर म्हणाले, हिचं ऑपरेशन करून टाका, नाहीतर परत पिल्लं होतील. भाऊ पहिल्यांदाच डॉक्टरांवर चिडले. "होऊ द्या! एकडाव तरी तिचे तिले भेटू द्या. माह्या घरात, माह्या डोयासमोर. मंग करजा तुमाले काय करायचं ते."

तेव्हापासून ते तेच धरून बसले. भुरीची पिल्लं या घरात व्हावीत, सगळी जगावीत. दुसरं काही नको होतं त्यांना.

पुढच्या थंडीत मनोजचा फोन आला. आईवर गेलेलं ते पिल्लू अमरावतीच्या शोमध्ये उतरत होतं आणि आयोजकांनी भाऊंचा सत्कार ठरवला होता. भाऊ नाही म्हणाले. मनोज म्हणाला, पत्रिकेत नाव छापलं आहे. आपल्याकडे पत्रिकेत नाव छापलं की मेलेल्या माणसालाही उठून यावं लागतं. वहिनींनी येणार नाही म्हणून सांगितलं. मी गेले.

पिल्लू पहिलं आलं. मग मंचावर भाऊंना शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह. निवेदक गळा काढून सांगत होता, "आईविना पोरक्या झालेल्या जिवांना आई मिळवून देणारा हा श्वानमित्र..." आणि मग माइक त्यांच्या हातात दिला, दोन शब्द बोला म्हणून.

भाऊंनी खांद्यावरची शाल काढून हातावर घेतली. मग म्हणाले, "हे शाल माही नाई. भुरीची हाय. गावठी कुत्री हाय ते. याहीले तिनं दूध पाजलं. तिचेबी तीन होते. ते... ते मी..."

पुढं हुंदकाच आला.  निवेदकानं लगबगीनं माइक काढून घेतला. "भावना अनावर झाल्या आहेत, मंडळी! स्वतःची तीन असूनही परक्यांना पाजणारी ती माउली, आणि तिला शोधणारे हे जानराव! जोरदार टाळ्या!" मैदान टाळ्यांनी दणाणलं. पहिल्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. मी टाळी वाजवली नाही, पण उठून खरं काय ते सांगितलंही नाही.

परतीच्या एसटीत शाल त्यांच्या मांडीवर घडी करून ठेवलेली होती. अकोट येईस्तोवर ते तिची घडी मोडून पुन्हा घालत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, मी सांगतलं न त्याहीले?"

"सांगत होतात, भाऊ."

"मंग टाळ्या कावून वाजवून राहिले होते ते?"

मी खिडकीबाहेर बघत बसले.

घरी आलो तेव्हा भुरीचं पोट जमिनीला टेकायला आलं होतं. भाऊ कामाला लागले. दुलारीची खोली चुन्यानं रंगवली. नवी गादी शिवून घेतली, त्यात स्वतः निवडलेला कापूस भरला. वाऱ्याच्या बाजूला पोतं लावलं. वहिनींनी शिऱ्यासाठी गूळ आणला. वर्षभरात पहिल्यांदाच त्या दोघांना मी एका कामात एकत्र पाहिलं. भुरी त्या गादीवर यायची, गोल फिरून बसायची, भाऊंच्या हातून खायची, हात चाटायची. भाऊ मला म्हणाले, "तिच्या मनात काई नाई, मॅडम. जनावराले आठवन नसते." त्यांना ते माझ्याकडून ऐकायचं होतं. मी म्हटलं, "नसेल."

आणि एक दिवस भुरी आली नाही. भाऊंनी रपट्याखाली वाकून पाहिलं, बाजार पालथा घातला, शाळेमागचा पडका गोठा बघितला. तिसऱ्या दिवशी दुपारी ती फाटकातून आत आली. पोट रिकामं, सड भरलेले. घाईघाईनं शिरा खाल्ला आणि निघाली. भाऊ आनंदानं अनवाणीच मागे धावले.

गल्लीच्या टोकाला जाऊन भुरी थांबली. मागे वळून पाहिलं आणि खाली बसली. भाऊ थांबले. ती बसलेलीच. भाऊ दोन पावलं पुढे गेले, तरी ती हलली नाही, फक्त शेपूट हलवली. ते पिंपळामागे लपले. ती पिंपळाकडे बघत बसली. शेवटी ते घराकडे वळले तेव्हा ती उठली आणि निघून गेली.

रोज तेच. एकदा भाऊंनी मला विनवलं, "तुमी जाऊन पाहा मॅडम, तुमाले जाऊ देईन ते." मी अंतर ठेवून निघाले. गल्लीच्या टोकाला भुरी माझ्यासाठीही बसली.

आता भाऊ शिऱ्याची थाळी अंगणात ठेवतात. भुरी येते, खाते, त्यांचा हात चाटते. ती जायला वळली, की ते तिला दिसेल असे पाठ फिरवतात, घरात जातात आणि दार आवाज करून लावतात, लावल्याचं तिला कळावं म्हणून. मग दाराआड उभे राहून वहिनींना विचारतात, "पाहा बरं खिडकीतून. गेली काय?"

"अजून बसली हाय," वहिनी सांगतात.

भाऊ आतली कडीही लावतात, जरा जोरात.